गाडी क्रमांक ६११८, डावी बाजू

एक ठिपका म्हणजे दीड इंच.
एवढं ठरवलं की बाकीचं सोपं:
तीनशे ठिपके लांबी,
चाकांचे दोन गोल, जे ठिपक्यांत कधीच गोल होत नाहीत,
आणि लाल.
लाल मात्र तीन लागतात:
दापोडीहून बांधून आली तेव्हाचा,
मधल्या रंगकामाचा, जरा विटकरी,
आणि शेवटचा, ज्याला नाव नाही.
फाइलीत मी त्याला ‘उन्हातला’ म्हणते.

दुकान झेरॉक्सचं. दुपारी दोन ते चार
साळवी स्टॉपला कुणी फिरकत नाही.
तेव्हा मी खिडक्या मोजत बसते.

इनायत सोलकर, डेपोतून निवृत्त,
आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला आले
आणि सुटे पैसे हातात धरून
स्क्रीनकडे बघत उभे राहिले.
“एकसष्ट-अठरा,” म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मग, “अगो, पण हिचा गंज कुठाय?”

मी म्हटलं, चाचा, चित्रात गाडी नवीच दाखवतात.

“दाखवू देत. ही डावी बाजू ना?
सात वर्षं वस्तीला मिऱ्यावर होती.
हरचेकर तोंड उत्तरेला करूनच लावायचा,
सकाळी वळवायचा कंटाळा.
रात्रभर डावी कूस समुद्राला.
उजवीकडचे पत्रे मी दोनदा बदलले.
डावीकडचे मोजायचं सोडून दिलं.”

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आले.
डेपोचं रजिस्टर नव्हे, त्यांचं स्वतःचं,
ग्रीसच्या बोटांनी उलटलेलं, कोपरे काळे.
क्लच प्लेट.
पुढचा पाटा तुटला, कर्ला.
तोच पाटा.
मागची काच, दगड; कुणी मारला ते लिहू नये असं साहेब म्हणाले.
पायरी चार बोटं खाली घेतली,
मिरकरवाड्याच्या बाया, डोक्यावर पाट्या.

इथे मी थांबले.
माझ्याकडच्या फोटोत ती पायरी
खाली दिसत होती खरी.
फोटो तिरका असेल असं समजून
मी ती दोन ठिपके वर उचलली होती.
दोन ठिपके, तीन इंच,
चार बोटं.

पुढे नोव्हेंबरात नऊ दिवस कोरे.
गाडी बंद होती का, विचारलं.
“गाडी नाही, मी. अपेंडिक्स.
सिव्हिलमध्ये पडून होतो. ती रोज खालून जायची,
हॉर्न ओळखायचो ना.
नऊ दिवसांत तिला काही म्हणजे काही झालं नाही.”
हे सांगताना त्यांचा आवाज
थोडा दुखावल्यासारखा झाला.

शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात नाही.
कुणाकडून तरी आणवलेला, चिकटवलेला कागद,
त्यावर जांभळा शिक्का: निर्लेखित.
मी तो शब्द दोनदा वाचला.
एवढं सगळं लिहून झाल्यावर
सरकारनं गाडीसाठी ठेवलेला शब्द.

त्या दुपारी पायरी खाली घेतली आधी.
मग ते खुर्ची ओढून बसले
आणि मी गंज भरायला लागले,
पाच तपकिरी, एक जवळजवळ केशरी.
“खिडकीखाली नको गो, तिथं वाळतं.
चाकामागं. तिथं चिखल धरून ठेवते ती.
दाराच्या बिजागरीला. हां.
रिव्हेटच्या भोवती, एकेका.”
एकशेचौदा रिव्हेट होते. मी एकेक केला.
एका बाईंना रेशन कार्डाची प्रत हवी होती,
त्या उभ्याउभ्या बघत राहिल्या.
म्हणाल्या, ह्याच गाडीत माझी छत्री राहिली होती.

नऊ दिवसांसाठी वेगळी फाइल केली आहे.
तीच गाडी, तोच गंज, नाव नुसतं ‘नोव्हेंबर’.
तिच्याखाली काहीच लिहिलेलं नाही.

मागच्या दाराशी अजून थोडा रंग धरला होता,
तेवढ्यात चाचांनी माउसवरच्या माझ्या हातापुढे
पंजा आडवा धरला,
मागे येणारी गाडी थांबवावी तसा.
“बस. एवढाच.
आणखी केलास तर
फिटनेसला पास व्हायची नाही.”