शेजारचा माग

बावीस वर्षं माग शेजारी शेजारी.
खटखटाटात एकमेकांचा आवाज
कधी धड ऐकलाच नाही.

माझा धागा तुटायच्या आत
राजमल्लूची मान वळलेली असायची.
त्याला तलफ आली
की माझा हात खिशात.

लाईट गेली की मात्र
दोघंही अवघडायचो.
बोलायला काही उरलेलंच नसायचं.

आता तो करीमनगरला, लेकीकडे.
त्याच्या जागी नवा माग,
सेन्सरवाला.
धागा तुटला की आपणहून थांबतो.

नातू म्हणतो,
मन मेंदूतच असतं, ताता.
असेल.

काल अक्कलकोट रोडवर,
रात्रपाळी सुटायला घटकाभर,
हात उगीच खिशात गेला.
पुडी निघाली, चुना निघाला.
डॉक्टरांनी मला बंद केलीय.

मळली तरी.
एकाच्याच पुरती.