दर पंचवीस किलोमीटरला

वरून नकाशा आला. परभणी-जिंतूर रस्ता,
त्यावर दोन हिरवे ठिपके,
खाली बारीक टीप: जागेवर जाऊन खात्री करावी.
निघालो. टेप, वही, डब्यात दोन दशम्या.
मोटारसायकल पेट्रोलची,
हे अहवालात येणार नाही.

पहिला ठिपका नाल्यात पडलेला.
नाल्यात पाणी नाही, एक म्हैस,
आणि ती उठायला तयार नाही.
तिच्यापासून डीपी सहाशे चाळीस मीटर.
डीपीवर कावळ्याचं घरटं,
काड्यांत आमच्याच खात्याच्या तारेचे तुकडे.

थ्री फेज कधी असते, विचारलं.
दत्तराव ढेंबरे करडई झोडत होते, थांबले नाहीत.
"ह्या हप्त्यात रात्री बाराला.
पुढल्या हप्त्यात दिवसा.
तुमच्या गाड्यायला सांगा,
वार बघून या म्हणावं."
लिहिलं: स्वतंत्र फीडर आवश्यक.

दुसरा ठिपका गायरानात.
जागा सरकारी, सपाट, वाद नाही.
माणूसही नाही.
रकाना चौदा: वाहन थांबण्याचा सरासरी वेळ.
पंचेचाळीस मिनिटं. पंपावर लागतात तीन.
मधली बेचाळीस माणसानं कुठं ठेवायची
ह्याला रकाना नव्हता.
मी स्वतःवरच प्रयोग केला. उभा राहिलो.
अकराव्या मिनिटाला दशमी काढली,
सतराव्याला गाडीच्या सावलीत बसलो,
गुडघे उन्हातच राहिले.
विसाव्याला उठलो.

जिंतुरात नसरीनबींची निळी ई-रिक्षा,
मागं तीन पोरी, पुढं दळणाचा डबा.
चार्जिंग कुठं करता?
"दिराच्या गिरणीत.
रात्री गिरणीचा पट्टा उतरला
की माझी वायर चढती.
सकाळी सीटवर पीठ असतं, झटकायचं अन् निघायचं."
मी नकाशा उलगडला. त्यांनी पाहिला नाही.
"जागा कुठंबी द्या. सावली द्या.
अन् बाईमाणसाला जायला संडास,
कडी आतून लागणारा.
लाइटचं काय, येती-जाती."

परतताना गाडी बंद पडली.
काटा केव्हाचा खाली, मी ठिपक्यांकडं बघत होतो.
ढकलत ढकलत एका लिंबाखाली आणली.
लिंब फुललेला, मागं बारव,
पायऱ्यांवर दुधाच्या पिशव्या, तळाशी हिरवं पाणी.
काठाला दगडी डोण, लांब, कोरडी.
तिची कड दोन जागी गुळगुळीत झिजलेली,
मी बोट फिरवलं तेव्हा कळलं:
इथं माना टेकायच्या.
मागची बारव अकरा किलोमीटरवर होती,
सकाळी आकडा टिपलेला, कारण नसताना.
कुणीतरी कधी बैलाची तहान मोजली असेल,
किंवा मोजलीही नसेल,
बैल जिथं थांबला तिथंच खणलं असेल.

एक पोरगं पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आलं.
नाव गोरखनाथ, नववीत, पैसे आधी मोजून घेतले.
वहीत डोकावलं.
"मंग पंप बंद होणार का?"
इतक्यात नाही, मी म्हणालो.
"माझा बाप पंपावर हाय."
मी बाटली टाकीत उपडी केली.
हात जरा हलला असेल,
डोणीच्या कडेवर चार थेंब सांडले,
उन्हात रंगीत झाले, मग उडून गेले.
पोरगं तेवढा वेळ बघत होतं. मीही.
मग ते म्हणालं, "तिथं माणूस लागन का कामाला?"
मशीन असतं, मी म्हणालो नाही.

ठिपका पेन्सिलनं खोडून
बारवेपासून शंभर मीटर सोडून नवा काढला.
अंतर पंचविसात बसत नाही, सव्वीस भरतं.
शेऱ्यात लिहिलं:
लिंबाचं झाड आहे. तोडू नये.
वायर ओढायला माणूस ठेवावा.
आणि कडी,
आतून.