करडईचं तेल

मुहर्रकला जुलैत पहाटे चारलाही काचा घामेजतात
आणि मी प्रयोगशाळेत खोटे स्तन शिजवते.
शिजवते हाच शब्द, दुसरा सापडला नाही.
जिलेटिन, पाणी, चमचाभर साबण
आणि करडईचं तेल,
आई शेंगदाण्याच्या चटणीवर घालायची तेच.
इथल्या बाजारात ते मिळत नाही.
बदरिया बाहेरून डबा मागवते
आणि नोंदवहीत लिहिते : चरबी.

तेल जास्त, तर चरबी.
पाणी जास्त, तर गाठ.
एवढंच शास्त्र, बाकीचं गणित.
सूक्ष्मलहरी तेलातून निमूट जातात,
पाणी लागलं की बिथरतात, मागे वळतात.
भोवती कोंडाळं करून सोळा अँटेना
त्यांचं परतणं ऐकत बसतात,
कुणाला आधी, कुणाला किंचित नंतर,
आणि त्या किंचितावरून पडद्यावर
लाल डाग उगवतो.
कधी मी गाठ ठेवली तिथेच,
कधी बोटभर बाजूला.

वन्सं फोनवर विचारतात,
मायक्रोवेव्ह? म्हणजे बाईला आत घालून शिजवता की काय?
मी सांगते, तुमच्या कानाचा फोन याहून तापट आहे.
चिमटा नाही, दाब नाही, बाई पालथी झोपते.
त्या म्हणतात, पालथं झोपलं की मला करपट ढेकर येतात.

आईची गाठ मी पाहिली नाही.
सात महिने तिनं ती ब्लाउजच्या आत
किल्ल्यांच्या जुडग्यासारखी सांभाळली.
रात्री हळद, सकाळी गरम विटेचा शेक.
लाजली बिचारी, असं नंतर सगळे म्हणाले.
धाकट्याची दहावी होती त्या वर्षी.

बदरियाचे आजोबा मोती काढायला बुडी मारत.
एकदा कुणी पाहुणा म्हणाला, वा, तुम्हीही तेच करता.
ती हसली नाही.
शंभर शिंपले फोडायचे तेव्हा एक निघायचा, म्हणाली,
शिंपल्यांना कुणी विचारलं होतं?

मग एका सोमवारी पहिली खरी बाई आली.
जमीला परकार, दापोलीकडची,
आमच्याच मजल्यावर फरशी पुसते.
संमतीचा कागद अरबीत आणि इंग्रजीत.
मी वाचून दाखवला : याचा तुला काही फायदा नाही.
मग तोटा?
तोही नाही.
मग कर की.
अरबीतल्या वरमला मी गाठ म्हटलं.
गाठ तर आपली पडली, ती म्हणाली,
सहा वर्षं तुझ्या टेबलाखाली पुसते,
आज बोलतेस मराठीत.

भांड्यातलं तेल कोमट केलं,
बाळंतिणीला लावतात तेवढं.
टेबलाच्या भोकातून ती त्यात अलगद उतरली
आणि बारा मिनिटं बोलत राहिली :
सुरमईचा भाव, लेकीच्या शाळेची फी,
खोलीतल्या सात जणींत एकच कूलर.
सोळा जण ऐकत होते.

डाग आला.
डावीकडे, वर, काखेशी.
बुडबुडा असेल.
बोलताना हलली असेल.
यंत्र अजून शिकतंय,
त्याचं बोबडं बोलणं बाईच्या कानावर घालायचं नाही,
असा नियम आहे, आणि मला तो पटतो.
बदरियानं पडदा माझ्याकडून वळवला,
दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, सही केली,
सही करताना पेन दोनदा उमटलं नाही.

काय दिसलं?
ते मला सांगता येत नाही.
बुधवारी माझ्याबरोबर चल, खऱ्या तपासणीला.
बुधवारी जिना असतो.
जिना मी पुसते.

ती गप्प झाली, त्या दिवशी पहिल्यांदाच.
ओढणीच्या टोकानं अंगावरचं तेल टिपलं,
टोक नाकाशी नेलं, डोळे बारीक केले.
करडईचं, म्हणाली.
कुठं मिळालं गं तुला हे?