वजनकाटा, शिरोली

अलंगचा ट्रक भरलेला तोलला, रिकामा तोलला,
वजाबाकी केली : अठरा टन दोनशे चाळीस.
पावती फाडून ड्रायव्हरला दिली
आणि वहीत लिहिलं : जहाजाचा पत्रा, जाड, रंगासकट.

फेटलिंगमधून इलाही शिकलगार आला,
गॉगल कपाळावर, मिशीला बिडाची पूड.
पत्र्यावर त्यानं अंगठा फिरवला,
पात्याच्या धारेवर फिरवतो तसा, आडवा, घाई न करता.
पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली हिरवा, त्याखाली परत पांढरा,
आणि सगळ्यांच्या तळाशी वेल्डिंगची उंच रेघ,
खाली उतरून वर चढणारी.
"व्ही हाय ह्यो," म्हणाला. "मार्वेलाचा व्ही."

आमच्याकडं मारवेल म्हणजे गवत. म्हशीपुढं टाकतात.
त्याच्या आईलाही तसंच वाटलं म्हणे, चौसष्ट साली :
पोरगं गवताच्या नावाच्या बोटीवर चाललंय,
म्हणजे लई लांब जात नसंल.

एकोणीस वर्षं.
मुंबई, सेशेल्स, मोंबासा, दर्बान, आणि उलट.
भटारखान्यात दोनशे बारा सुऱ्या,
रात्री अकरानंतर त्या त्याच्या ताब्यात.
वर नाच चाले, खाली फक्त टाचा ऐकू येत.
समुद्र बघायला तास मिळायचा,
बाकी ओळख निसण्यावरची :
बोट डावीकडं कलली की पातं उजवीकडं जास्त खायचं.
वादळात धार लावायची न्हाई, गप बसून सुऱ्या मोजायच्या.

बहात्तरला युगांडातनं हाकललेली माणसं चढली.
त्यात एक शिंपी, गोरधन.
पेट्या बंदरावरच काढून घेतलेल्या,
कोटाच्या अस्तरात एक कात्री तेवढी राहिलेली.
ती त्यानं इलाहीपुढं ठेवली.
कापायला कापड नव्हतं, तरी धार लावून मागितली.
इलाहीनं पैसे घेतले नाहीत.
ह्याचं त्याला अजून वाईट वाटतं.
"घेतलं असतं तर तेवढं तरी गिऱ्हाईक झाला असता की बिचारा."

मग विमानं स्वस्त झाली.
मार्वेला कुठल्याशा बंदरात हॉटेल झाली, मग जुगारखाना,
दर मालकाचं नवं नाव, जुन्यावर रंग.
इलाही उद्यमनगरात आला, तिथनं शिरोलीला.
निसण्याच्या जागी ग्राइंडर आला. आडनावाला अडचण आली नाही.

मी म्हटलं, चाचा, व्ही कुठल्याही नावात असतो.
"असतोय की," म्हणाला,
आणि गॉगल खाली ओढून कामावर गेला.

मला वाटलं होतं, तुकडा मागेल.
शेठना काय सांगायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं.
मागितला नाही.
सकाळच्या पाळीला भट्टीत बीड, भंगार, तो पत्रा.
रंगाचा हिरवट धूर शेडच्या पत्र्यापर्यंत गेला.
लॅबमधून चिठ्ठी आली : मँगनीज जरा जास्त, चालेल.
पंपाची कव्हरं ओतली, एकशे चाळीस नग.
इलाहीनं एकेकाच्या कडा घासल्या, रोजच्यासारख्या.
फक्त त्या आठवड्यात तपासणीतून
त्याचा एकही नग परत आला नाही. हे माझ्या वहीत आहे.

त्यातला एक पंप माझ्या दिरानं घेतला,
प्रयाग चिखलीत, नदीकाठच्या उसाला.
चाचाला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं.
बटण दाबलं. पाइप खोकला.
आधी हवा, मग तांबूस गढूळ, मग पंचगंगा.
जे पाणी बाहेर ठेवायची
बोटीवर सगळ्यांची नोकरी होती,
ते तिच्या पोटातनं धडधडत चाललेलं.

चाचानं ओंजळ धरली.
घोट तोंडात बराच वेळ घोळवला.
"मीठ कमी पडलंय," म्हणाला.

दीर ऐकायला थांबला नाही.
पाणी भलत्याच सरीत शिरलं होतं,
तो खोरं घेऊन दारं मोडायला धावला.