बीटच्या ट्रकमागे

गाडीबरोबर वही मिळाली.
निळ्या पुठ्ठ्याची, रबरबँड लावलेली,
पेट्रोलचा वास तिलाही लागलेला.
"हीपण ने," एल्विन थर्कटल म्हणाले,
"गाडीचा स्वभाव हिच्यात आहे."
आणि गुडघ्यावर थाप मारून दाखवलं:
आता इतकं खाली बसवत नाही,
बसलंच, तर उठवत नाही.

सातशे तीस किलोची गाडी.
दोन माणसं, एक टूथब्रश, वर कापडाचं छप्पर.
पाऊस आत येतो, विचारून येत नाही.
कंपनीचं छापील पान पहिल्याच पानावर डकवलेलं:
गॅलनला चव्वेचाळीस मैल.
त्याखाली पेन्सिलीने थर्कटल:
कुठल्या गावात?

मग अकरा वर्षं. प्रत्येक टाकी.
पंपावर लिटर, हिशेबात गॅलन,
भागाकार हाताने,
चुकला तर खोडून शेजारी पुन्हा.

३८.२. फेकनहॅम. समोरून वारा.
३९. परत येताना. वारा तोच, पाठीशी.
३१.६. नवे टायर, रुंद घेतले. मूर्खपणा.
३६. थंडी. इंजिन तापेपर्यंत दुकान येतं.
२४. जूनमधला एक रविवार.
याला कारण लिहिलेलं नाही,
आकड्याखाली फक्त दोन रेघा,
मागच्या पानावर उमटतील इतक्या दाबून.

मी स्वॅफहॅमला कवळ्या बनवते.
मिलिमीटरचा दहावा भाग चुकला
तर म्हातारं माणूस सफरचंद सोडून देतं.
त्यामुळे दशांशावर माझा जीव.
रात्री जेवण झाल्यावर वही वाचत बसायचे
आणि चौथ्या वर्षी, मार्चपासून,
दर गुरुवारी दीड मैल कमी.

टायर तेच. रस्ता तोच.
वाराही नॉरफोकचाच, म्हणजे कायमचा.
मी कागदावर मांडून पाहिलं:
पंचावन्न किलो, फार तर साठ.
मोठ्या गाडीला माणूस चढला-उतरला कळत नाही.
हिला कळतं.
डावी सीट भरली, की ही लगेच
पेट्रोलपंपावर जाऊन सांगते.

वहीत नाव कुठेच नाही.
नुसतं वजन.

आणि मग चौदा नोव्हेंबर. गुरुवार.
लिंकनला टाकी काठोकाठ, घरी आल्यावर पुन्हा.
ऐंशी मैल. पावणेआठ लिटर.
४६.९.
अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा,
कंपनीच्या वर,
आणि गाडीत दोन माणसं!
मी तीनदा भागून पाहिलं. बरोबर होतं.
समोर बारीक अक्षरात:
"बीटचा ट्रक पुढे. ओव्हरटेक केला नाही.
शेजारी झोप लागली आहे."

ए-सतरा रस्ता मला माहीत आहे.
साखर कारखान्याकडे निघालेले ट्रक,
चाळिशीचा वेग, काचेवर चिखलाचे शिंतोडे,
मधूनच टणकन उडून येणारा एखादा बीट.
त्यामागे दहा मिनिटं राहणं म्हणजे शिक्षा.
हा माणूस दोन तास राहिला,
टॉप गियरमध्ये, पाय पिसासारखा,
ब्रेकसुद्धा जपून,
की मान कलंडू नये.

दुसरी किल्ली आणायला गेले तेव्हा विचारलं.
थर्कटल खिडकीबाहेर बघत राहिले,
मग म्हणाले, "ट्रक फार हळू होता."
आणि किटली लावायला उठले,
टेबलाला धरून, दोन खेपांत.

आता वही मी लिहिते.
३३.४. कारण: रस्ता रिकामा होता.
३४.१. कारण: तेच.
डाव्या सीटवर प्लास्टरच्या जबड्यांचा खोका असतो,
चार किलो. आकड्यात दिसत नाही,
पट्टा मात्र लावते.

काल ए-सतरावर बीटचा ट्रक सापडला.
मागे राहून बघितलं. सहा मैल.
मग नाही राहवलं.

३५.८.