व्हॉल्व्ह नंबर सतरा

पाणीपुरवठा खात्यात लागलो तेव्हा
साहेबांनी शहराचा नकाशा दिला.
निम्मा वाळवीनं खाल्लेला,
उरलेल्या निम्म्यात साखर पेठेवर
कुणाच्या तरी चहाचा गोल डाग.
म्हणाले, बाकीचं हत्तुरेला विचार.

गुरसिद्ध हत्तुरे म्हणजे
सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली
चार फुटी लोखंडी चावी,
आणि तिच्या मागोमाग एक माणूस.

"आपल्या गावाला नदी कुठाय बे?
आदिला हाय, पण तिला नदी म्हटलं
की तीच लाजती.
भीमा येती ती पाईपातनं, अंधारातनं.
तिला ना घाट, ना काठ.
तिला हे हाय."
त्यानं चपलेनं धूळ सारली.
झाकणावर पुसट सतरा.

तीन वर्षं त्याच्या मागं फिरलो,
पहाटे अडीचला, रात्री अकराला,
ज्या गल्लीची पाळी त्या गल्लीत.
तो पायानं दाखवायचा, हातानं नाही.

हा सहा इंची, गिरणीच्या चाळीसाठी टाकलेला.
गिरणी गेली, चाळ गेली.
वर आता मंगल कार्यालय.
पंगतीत पहिल्या जगात जो गंज येतो
तो चाळीचा.

इथं एकदा लाल पाणी आलं, तीन दिवस.
रंगाऱ्यांच्या हौदाशेजारी फुटली होती लाईन.
सत्तारभाई रंगरेज घरोघर जाऊन माफी मागत होता,
आणि एका म्हातारीनं तांब्या भरून
देवापुढं ठेवला होता.

आणि ही बघ, इथं पाईप वाकलाय.
सरळ जायला काय झालं होतं?
तर इथं गाजुल व्यंकटम्माचा माग.
खड्ड्यात पाय सोडून बसलेली.
कंत्राटदार म्हणाला, खड्डा बुजवा.
बाई उठली नाही.
दोन दिवस धोटा चालूच.
शेवटी पाईप वळला, तिच्या अंगावरनं नाही,
कडेकडेनं गेला.
व्यंकटम्मा गेली, माग भंगारात गेला.
वाकण राहिलं.
म्हणून तिथं प्रेशर कमी.
वरच्या मजल्यावरचे रोज शिव्या देतात,
कुणाला ते त्यांना माहीत नाही.

भोंग्यावर चावी फिरवायची सवय होती त्याला.
भोंगा बंद पडला त्या आठवड्यात
हप्त्यानं घड्याळ घेतलं,
आणि ते कायम पाच मिनिटं मागं ठेवलं,
कारण भोंगाही तसाच होता.

चावी तिसऱ्या फेऱ्याला गेली की
जमिनीत घुमायचं.
मग दारादारातून
नीळ्ळु वच्चिनय,
नीर बंतु,
पानी आया रे,
आलं बघ, हंडे लावा.
तो डोळे मिटून ऐकायचा.
कुठली भाषा उशिरा बोलली
त्यावरून गळती कुठं ते सांगायचा.

पालिकेच्या स्मरणिकेसाठी हे सगळं लिहून दिलं.
कागद परत आला, कडेला लाल पेन:
आधार काय?
मी लिहिलं, हत्तुरे यांचे गुडघे.
छापलं नाही.

तो रिटायर झाला. रस्ता काँक्रीटचा झाला.
सतरा नंबर खाली गाडला गेला
आणि अर्धी पेठ कोरडी.
त्याला स्कूटरवर बसवून आणलं.
चपला काढून तो अनवाणी चालला,
थांबला. "इथं."
फोडलं. माती.
पुन्हा फोडलं. माती.
पोरं हसायला लागली.
तो म्हणाला, "मी बरोबर हाय.
रस्ता सरकलाय."

दोन हात डावीकडं सापडलं झाकण.
चावी त्यानं मलाच दिली.
एक फेरा, दोन, तीन.
घुमलं.
आम्ही दोघं कान देऊन उभे.
बराच वेळ काही नाही,
मग वरच्या मजल्यावरून
एक ठसठशीत शिवी आली.

गुरसिद्ध हसला.
"वाकणापाशी पोचलं."