झाकणावरचा स्क्रू

चालू होतं. दहा मिनिटं बरं चालतं,
मग घसा खाकरून गप्प.
आजही केउई बेटाच्या अलीकडे,
नेमकं ओहोटीच्या ओढीत.

एलेउतेरियोनं प्लग काढला. कोरडा.
कार्ब्युरेटर टमरेलात धुतला,
जेटमधून केस ओवला, माझाच, उपटून.
"ऑइल किती घालतेस?"
"पन्नासाला एक. बाबा घालायचे तेवढंच."
"बाबा पंचवीसाला एक घालायचे. धूर आठवत नाही?"

आठवतो. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत यायचा.

दोरी ओढून ओढून त्याचा खांदा गेला.
नळीवरचा रबरी फुगा दाबला, तो चपटाच राहिला.
शिंपल्यांची पोती पाणी गाळत होती,
होडी आपली आपण आडवी होत चाललेली.

मग त्यानं टाकीचं झाकण सैल केलं,
किती उरलंय ते बघायला,
आणि टाकीनं सुस्सकन श्वास आत घेतला.
एवढा लांब, की आम्ही दोघं नुसते ऐकत राहिलो.

झाकणावरचा तो बारका स्क्रू
मीच गच्च पिळला होता, सांडू नये म्हणून.
बरण्या, नळ, खिडक्या,
सगळंच मी तसं लावते.

एका ओढीत सुरू झालं.
तो हसला नाही.
धक्क्यापर्यंत स्क्रूवर अंगठा ठेवून बसला,
मी परत पिळीन म्हणून.